घरात लेथ टाकला म्हणजे मालक झालो का? लोखंड, जात आणि जॉबवर्कचा इतिहास



करमाड-शेंद्रा पट्ट्यातल्या आपल्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज वर्षातून दोनदा तरी फिरून येतो. "नोकरी मागणारे बनू नका, नोकरी देणारे बना. घरात एक लेथ टाका, छोटे पार्ट बनवा, मालक व्हा." खाली दोन प्रकारचे प्रतिसाद असतात. काही जण लगेच सेकंडहँड मशीनची किंमत विचारतात. काही जण हसतात आणि लिहितात, हे भांडवलदारांचे चोचले आहेत, आपण आरक्षण वाचवायचं बघू.

मी स्वतः आयटीआय टर्नर. त्यामुळे या मेसेजवर हसवत नाही आणि त्याच्यामागे पळवतही नाही. लेथ ही चांगली गोष्ट आहे. पण लोखंडाला हात कोणी लावायचा, हत्यार कोणाच्या घरात राहायचं, माप कोणी घ्यायचं आणि दाम कोणी ठरवायचा, याला या देशात मोठा इतिहास आहे. तो माहीत नसताना मशीन विकत घेणारा पोरगा मालक होत नाही. तो आपल्याच घरात दुसऱ्याचा कामगार होतो. हेच मला आज सविस्तर मांडायचं आहे.

एक बुश कसा बनतो?

ज्यांनी लेथ पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं काम सांगतो. समजा तुम्हाला वीस मिलिमीटर भोकाचा एक बुश करायचा आहे. तीस मिलिमीटरचा गोल बार हॅक्सॉने कापून चकमध्ये पकडायचा. आधी फेसिंग, म्हणजे तोंड सपाट करायचं. मग सेंटर ड्रिल, मग लहान ड्रिल, मग मोठं ड्रिल. त्यानंतर बोरिंग टूलने भोक वीसच्या जरा आत आणायचं आणि शेवटी रीमर फिरवायचा. बाहेरचा व्यास टर्निंग करून मापात आणायचा, पार्टिंग टूलने तुकडा तोडायचा आणि कडेला राहिलेली धार, जिला आपण बर म्हणतो, ती कानशीने काढायची.

ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं २० एच ७. याचा अर्थ भोक २०.००० मिलिमीटरपासून २०.०२१ मिलिमीटरपर्यंत चालेल. त्याहून कमी नको, जास्तही नको. एकवीस मायक्रॉनची मुभा. माणसाचा केस याच्या तीनचार पट जाड असतो. हे माप साध्या पट्टीने कळत नाही. त्याला बोअर गेज लागतो नाहीतर प्लग गेज लागतो. जुने मिस्त्री अजून सुतात बोलतात, दोन सूत, तीन सूत, म्हणजे इंचाचे आठवे भाग. पण आज मोटारीचा पार्ट सुतावर चालत नाही.

हे सगळं एका टिनाच्या शेडमध्ये होऊ शकतं. एक साडेचार फुटी लेथ, एक ड्रिल मशीन, एक ग्राइंडर, शेगडा, कानशी, टॅप आणि डाय, व्हर्निअर, मायक्रोमीटर. साधारण बुद्धीचा कोणीही पोरगा दोन वर्षांत हे शिकतो. मीही शिकलो. यात रक्तातून येणारं असं काहीच नाही. मग आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कोणाला हे का येत नव्हतं?

घर हीच शाळा, म्हणून जात हाच धंदा

गावगाड्यात लोखंडाचं काम लोहाराकडे होतं. तांबं-पितळ तांबट आणि कासाराकडे, ओतकाम ओताऱ्याकडे. लोहार बलुतेदार होता. नांगराचा फाळ, विळा, कुऱ्हाड, बैलगाडीच्या चाकाची धाव हे त्याचं काम. भाता घरात, ऐरण घरात, शाळाही घरातच. पोरगा बापाकडे बघून शिकायचा. बाहेरच्या पोराला भात्याजवळ बसवायचा प्रश्नच नव्हता.

इथे लोहाराला शिव्या देण्याचा माझा हेतू नाही. त्यालाही बलुत्यावरच जगावं लागलं. गाढवावर संसार घालून गावोगाव फिरणाऱ्या घिसाड्याची अवस्था तर अजूनच वाईट होती आणि आजही आहे. रस्त्याच्या कडेला पाल ठोकून घिसाडी बाई घण मारताना तुम्ही जालना रोडला पाहिली असेल. लोखंड हातात असूनही तिला जमीन नाही, पक्का पत्ता नाही. म्हणजे कौशल्य हातात असलं तरी मान आणि दाम मिळतोच असं नाही, हेही लक्षात ठेवा. पुढे ते लागणार आहे.

पण आपल्या समाजाला त्या व्यवस्थेने काय दिलं? महाराच्या वाट्याला वतनाची कामं आली. सांगावा पोचवणं, सीमा दाखवणं, सरकारी माणसाचं सामान वाहणं, मेलेली जनावरं ओढणं. या कामांत हत्यार नाही, म्हणून हत्याराबरोबर येणारं कसबही नाही. बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे निर्मूलन' या १९३६ च्या भाषणात जातीचं समर्थन करणाऱ्यांना नेमकं इथेच पकडलं. जात म्हणजे श्रमविभागणी, असं ते लोक म्हणत होते. बाबासाहेबांनी दाखवून दिलं की ही कामाची विभागणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी आहे. आवड, कुवत, शिक्षण यांपैकी काही न विचारता माणसाला जन्मावरून धंद्याला बांधून टाकणारी. आणि धंदा बदलू दिला नाही की बेकारी ठरलेलीच, हेही त्यांनी तिथेच सांगितलं.

आता एक प्रश्न. धंदा जर खरंच रक्तातून येत असेल, तर महाराष्ट्रात यंत्रांचा पहिला मोठा कारखानदार लोहार का झाला नाही?

लक्ष्मणराव किर्लोस्कर ब्राह्मण कुटुंबातले. त्यांचे वडील लोहार नव्हते. लक्ष्मणराव मुंबईत चित्रकला शिकायला गेले, यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. बेळगावात भावाबरोबर सायकलींचं दुकान चालवलं. मग कडबा कापायचं यंत्र केलं, लोखंडी नांगर केला. तो नांगर सुरुवातीला शेतकरी घेत नव्हते, कारण लोखंडाने जमीन नासते असा समज होता. १९१० मध्ये औंध संस्थानच्या राजाने कुंडलजवळ पडीक जमीन दिली, कर्ज दिलं आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे याच घराण्याच्या कारखान्यात तयार झालेले लेथ देशभर गेले.

त्या माणसाच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. पण चळवळीच्या पोराने या गोष्टीतून काय घ्यायचं? "जिद्द असेल तर सगळं होतं" हे व्याख्यानवाल्यांना सांगू द्या. आपण यादी करू. शाळा मिळाली. मुंबईत नोकरी मिळाली. दुकान टाकायला शहरात जागा मिळाली, कोणी विटाळ मानला नाही. राजाची जमीन मिळाली, कर्ज मिळालं. जिद्दीच्या जोडीला या पाच गोष्टी आल्या, तेव्हा ज्याच्या घरात पिढ्यान्पिढ्या ऐरण नव्हती तो यंत्रांचा कारखानदार झाला. हे त्याला जमलं म्हणजे धंदा रक्तात नसतो हे सिद्ध झालं. मग आपल्या घरात लेथ का आला नाही, याचं उत्तरही या पाच गोष्टींतच आहे.

कारखान्यात गेलो, पण मशीनपर्यंत पोचलो नाही

इंग्रजांच्या काळात गावाबाहेर पडायची वाट उघडली. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. मुंबईच्या गोद्या, रेल्वे, कापड गिरण्या, नागपूरच्या गिरण्या. या ठिकाणी आपला समाज मोठ्या संख्येने गेला. रोख पगार मिळाला, पोरं शाळेत गेली, चळवळ उभी राहिली. हे सगळं खरं आहे.

पण कारखान्याच्या फाटकातून आत जाणं आणि मशीनवर उभं राहणं या दोन वेगळ्या गोष्टी. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात पगार जास्त. तिथे अस्पृश्यांना बंदी. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि विटाळ होतो! १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांसमोर हा प्रश्न ठेवला की विणाई खातं आमच्या माणसांना खुलं करणं हीसुद्धा कामगारांची मागणी आहे की नाही. वर्गलढ्याची भाषा करणाऱ्यांना तो प्रश्न अवघड गेला.

आता आपल्या रेल्वे लाइनवर या. करमाड स्टेशनवरून जी लाइन जाते ती मनमाड-सिकंदराबाद, निजामाच्या काळात १९०० च्या सुमारास झालेली. तिच्या एका टोकाला असलेल्या मनमाडला १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, ही बाबासाहेबांची मांडणी तिथली. ती आपण पोस्टरवर छापतो. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या आपल्या माणसाचा जो तपशील मांडला तो कोणी वाचत नाही. आमचा माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच म्हातारा होतो. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामं करावी लागतात आणि तिथे विटाळ आडवा येतो. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये तो मेकॅनिक क्वचित होतो, मिस्त्री त्याहून क्वचित. तो हमाल म्हणून राहतो.

त्याच वर्षी ३० डिसेंबरला कन्नडजवळच्या मकरणपूरला भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने मराठवाड्यातल्या दलितांची परिषद झाली आणि बाबासाहेब तिथे बोलले. म्हणजे हा इतिहास आपल्या दारातला आहे.

मी अप्रेंटिस म्हणून एका कारखान्यात लागलो तेव्हा पहिले तीन महिने माझ्या हातात मशीनचं हँडल आलं नाही. झाडू आला. मशीनखालचा लोखंडाचा कीस गोळा करायचा आणि ट्रॉलीत भरायचा. बरोबरच्या दोघांना आठवड्यात मशीन मिळालं. आडनाव विचारून झाल्यावर हे झालं. कोणी काही बोललं नाही, बोलायची गरजही नव्हती. मनमाडचं भाषण मी नंतर वाचलं, तेव्हा मला त्यातला हमाल ओळखीचा वाटला.

आयटीआयच्या मागे कोण उभं आहे?

२० जुलै १९४२ ला बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला त्यांनी व्हाइसरॉयला अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. आपण त्यातला नोकऱ्यांमधल्या प्रतिनिधित्वाचा भाग लक्षात ठेवतो. पण त्यात विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांची मागणी होती आणि आणखी एक मागणी होती. सरकारी छापखाने आणि रेल्वे वर्कशॉप इथे अनुसूचित जातीच्या मुलांना उमेदवार, म्हणजे अप्रेंटिस म्हणून शिकायला जागा द्या. चार वर्षांपूर्वी मनमाडला ज्या वर्कशॉपचं दार बंद असल्याचं सांगितलं, सत्तेत जाताच त्याच दाराची किल्ली मागितली. १९४४-४५ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली, तिची मुळं याच प्रयत्नात आहेत.

त्यांच्याच मजूर खात्याखाली जुलै १९४५ मध्ये पुनर्वसन आणि रोजगार महासंचालनालय सुरू झालं. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना काम आणि प्रशिक्षण देणं हा त्याचा पहिला हेतू. या यंत्रणेतूनच १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली, म्हणजे आजचे आयटीआय. पुढे १९६१ चा अप्रेंटिस कायदा आला. आयटीआयमध्ये आरक्षण आलं आणि इतिहासात पहिल्यांदा कोणाच्याही पोराला भात्याजवळ बसायची परवानगी मिळाली. बाप कोण आहे हे न विचारता टर्नर, फिटर, मशिनिस्ट शिकता येऊ लागलं. घराच्या भिंतीआड कोंडलेलं कसब सार्वजनिक शाळेत आलं. जातीवर झालेला हा मोठा घाव आहे आणि आपण त्याची जयंतीला आठवणही काढत नाही.

आता एक दुरुस्ती, रागावू नका. "बाबासाहेबांनी चौदा तासांचे आठ तास केले" असा मेसेज दर १ मेला फिरतो. तो तसाच्या तसा बरोबर नाही. कारखान्यांचा आठवडा १९२२ मध्ये ६० तासांवर आणि १९३४ च्या कायद्याने ५४ तासांवर आला होता. बाबासाहेबांच्या मजूर खात्याने आणलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने तो ४८ तासांवर आणला. सहा दिवस, रोज आठ तास. खरा इतिहास पुरेसा मोठा आहे, त्याला फुगवायची गरज नाही. फुगवलं की विरोधक एक आकडा खोटा पाडतात आणि बाकीचं खरंही झिडकारतात. टर्नरच्या भाषेत सांगायचं तर माप चुकलं की पूर्ण पार्ट रिजेक्ट.

कारखाना पुन्हा घरात कसा आला?

आता आपल्या भागाकडे. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, चिकलठाण्याची वसाहत आली. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती पार्ट पुरवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांचं जाळं उभं राहिलं. मग शेंद्रा. मग दिल्ली-मुंबई कॉरिडॉरमधलं ऑरिक, शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांचं. करमाड, लाडगाव, कुंभेफळ या गावांच्या जमिनी त्यात गेल्या, एकरी २३ लाखांचा भाव मिळाला. ज्याच्या नावावर सातबारा त्याला मोबदला. ज्याच्या नावावर काहीच नव्हतं, जो दुसऱ्याच्या रानात मजुरी करत होता, त्याला रान गेलं तेव्हा मजुरीही गेली आणि हातात काही आलं नाही. म्हणून दादासाहेब गायकवाडांचा १९६४-६५ चा भूमिहीनांचा सत्याग्रह हा जुना विषय नाही.

गाड्यांच्या धंद्याची रचना अशी असते. वर कंपनी. तिच्याखाली मोठा पुरवठादार. त्याच्याखाली छोटा. त्याच्याखाली जॉबवर्कवाला आणि सगळ्यात खाली घराच्या शेडमध्ये एक लेथ. माल वरचा देतो, ड्रॉइंग वरचा देतो, दर वरचा ठरवतो, तपासणी वरचाच करतो. एक बुश नापास झाला तर त्याची मजुरी जाते, कधी मालाचे पैसेही कापतात. काम नसेल तर मशीन बंद, पण हप्ता चालू.

एक हिशेब करू. आकडे मी समजण्यापुरते धरले आहेत, तुम्ही तुमचे घाला. एका बुशला ६ रुपये, तासाला १२ बुश, आठ तासांत ९६ बुश. झाले ५७६ रुपये. विजेचे १०० काढा, टूल आणि कूलंटचे ४०, मशीनच्या हप्त्याचे रोजचे १९०, पाच बुश नापास म्हणून ३०. उरले २१६. यात शेडचं भाडं नाही, आजारपण नाही, पीएफ नाही. आणि ते ९६ बुश बर काढून, पुसून, तेल लावून क्रेटमध्ये कोणी रचले? आईने, बहिणीने, बायकोने. त्यांची मजुरी या हिशेबात कुठेच नाही. याला मालक म्हणायचं?

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. इंग्लंडमध्ये क्रॅडली हीथ नावाच्या गावात बायका घरामागच्या छपरात भट्टी पेटवून लहान साखळ्या घडवायच्या. माल दलाल देणार, दर दलाल ठरवणार. पोरं भट्टीजवळच झोळीत. आठवडाभर घण मारून पाचेक शिलिंग मिळायचे. १९०९ च्या कायद्याने तासाला अडीच पेनी हा किमान दर ठरला, म्हणजे ५४ तासांचे सव्वाअकरा शिलिंग. मालकांनी द्यायला टाळाटाळ केली. १९१० मध्ये मेरी मॅकार्थर यांच्या नेतृत्वाखाली त्या बायकांनी दहा आठवडे लढा दिला आणि दर मिळवला. त्यांनी ओळखलं होतं की भट्टी आपली असली तरी आपण मालक नाही. दर ज्याच्या हातात तो मालक.

आपल्याकडे किमान वेतनाचं विधेयक ११ एप्रिल १९४६ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलं ते मजूरमंत्री बाबासाहेबांनी. कायदा १९४८ मध्ये झाला, तेव्हा ते मजूर खात्यात नव्हते. त्या कायद्यातली कामगाराची व्याख्या एकदा वाचा. परिशिष्टातल्या धंद्यांत, दुसऱ्याने दिलेला माल घरी बसून तयार करून देणारा माणूससुद्धा त्या व्याख्येत कामगार आहे. म्हणजे घरातल्या शेडच्या उंबऱ्यापर्यंत कायदा पोचला होता. आता २०१९ ची वेतन संहिता काढून बघा. कामगाराच्या व्याख्येतून हा घरी काम करणारा माणूस गेला आहे. सामाजिक सुरक्षेच्या २०२० च्या संहितेत त्याचं वेगळं नाव आहे, पण किमान वेतनाच्या व्याख्येत नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याला वीज वापरणारे १० कामगार पुरेसे होते, नव्या संहितेत ते २० लागतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या संहिता लागू झाल्या. ज्या वेळी काम कारखान्यातून घरात ढकललं जातंय, त्याच वेळी घरात काम करणारा कायद्यातून बाहेर पडतोय. आणि आरक्षण तर कधीच शेडपर्यंत येत नव्हतं.

कायद्याच्या नजरेतून माणूस सुटला की काय होतं, हे करमाडइतकं दुसऱ्या कोणत्या गावाने पाहिलं असेल? ८ मे २०२० च्या पहाटे करमाड आणि बदनापूरच्या मध्ये रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारे, मध्य प्रदेशातल्या उमरिया-शहडोल भागातले, त्यात गोंड आदिवासी. काम बंद, पैसा संपला, गाडी नाही, म्हणून पायी निघाले होते. पोलाद घडवणारे हात रुळावर तुटले. ते बारा महिने कारखान्यात होते, पण त्यांना घरी पोचवायची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

मग लेथ टाकायचा की नाही?

टाकायचा. मी स्पष्ट सांगतो. हत्यार नाकारलं गेलेल्या समाजाने हत्यार मिळत असताना ते नाकारणं हा शहाणपणा नाही. "आपण बौद्धिक काम करू, लोखंड त्यांना घासू दे" असं म्हणणाऱ्या आपल्यातल्या सुशिक्षितांनी स्वतःला तपासावं. हाताच्या कामाला कमी लेखणं हे कोणाचं संस्कारधन आहे, ते आपल्याला माहीत आहे. पण अटी घालून टाकायचा.

पहिली अट, मशीनच्या आधी माप शिका. ड्रॉइंग वाचता येत नसेल आणि बोअर गेज लावता येत नसेल, तर तपासणीवाला म्हणेल ते खरं. चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या योजनांतून तिथे कोणते कोर्स सवलतीत मिळतात ते जाऊन विचारा. आयटीआय झाल्यावर तिथली एकदोन वर्षं आयुष्याला पुरतात.

दुसरी, तोंडी दरावर काम घेऊ नका. उद्यम नोंदणी करा, चलन आणि बिल ठेवा. २००६ च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि दाद मागायला फॅसिलिटेशन कौन्सिल. कागद नसेल तर हा कायदा तुमच्यासाठी नाहीच.

तिसरी, सगळं काम एकाच वरच्याकडून घेऊ नका आणि जमेल तितक्या लवकर स्वतःची एखादी वस्तू करा. मोटारपंपाचा बुश, ठिबकचा एखादा भाग, शेतीच्या अवजाराची पिन. छोटी चालेल, पण ड्रॉइंग तुमचं आणि दर तुमचा. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून ४ टक्के खरेदीचं लक्ष्य आहे. ते कुठे, किती पाळलं जातं, हे माहिती अधिकारात विचारणं हे चळवळीचं काम आहे. आपण फक्त नोकरीतल्या अनुशेषाचा हिशेब मागतो, खरेदीतल्या अनुशेषाचा मागत नाही.

चौथी, एकटं टाकू नका. एका पोराला लेथ, ड्रिल, ग्राइंडर आणि वर मापाची साधनं परवडत नाहीत. पाच जणांना परवडतात. आणि पाच जण एकत्र असले तर सहा रुपयांच्या खाली कोणी काम घेणार नाही असं ठरवता येतं. क्रॅडली हीथच्या बायकांनी हेच केलं. घरातल्या बाईचं नावही हिस्सेदार म्हणून कागदावर लावा, ती रोज बर काढतेच आहे.

माझा एक साधा प्रस्ताव आहे. पुढच्या जयंतीला डीजेच्या वर्गणीतला थोडा भाग बाजूला काढा. विहारात किंवा समाजमंदिरात अभ्यासिका असतेच, तिच्या शेजारी एक कपाट ठेवा. त्यात सरफेस प्लेट, मायक्रोमीटर, बोअर गेज, प्लग गेज, थ्रेड गेज. नोंदवही ठेवा, वस्तीतल्या टर्नर-फिटरने घेऊन जावं, परत आणून द्यावं. शनिवारी एखाद्या निवृत्त मिस्त्रीला बोलवा, ड्रॉइंग वाचायला शिकवू द्या. पुस्तकं वाटून घेणारी आपली चळवळ आहे, हत्यारंही वाटून घेऊ शकते.

आणि हे करताना संहितेत घरी काम करणाऱ्याला पुन्हा कामगार म्हणून आणा, ही मागणीही सोडू नका. शेड टाकणारा पोरगा आणि मागणी करणारा कार्यकर्ता हे दोन वेगळे गट असायची गरज नाही. मनमाडला बाबासाहेबांनी वर्कशॉपचं बंद दार दाखवलं आणि नंतर त्याच वर्कशॉपमध्ये शिकायला जागाही मागितली. दोन्ही कामं एकाच माणसाने केली.

करमाडमध्ये किंवा आसपास कोणी शेड टाकायच्या विचारात असेल तर आधी वरचा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी कागदावर मांडा. मग मशीन बघायला जाऊ, मीही येतो.

जय भीम.